दुपारी तीनला बंद पडणारा सर्व्हर

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. गावोगाव पायपीट करून, जुन्या घराण्यांच्या दप्तरांतून त्यांनी आयुष्यभर कागद गोळा केले होते. १९२७ साली धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि हा ठेवा सांभाळण्याची जबाबदारी एका संस्थेने उचलली. त्याच्या कितीतरी आधी, १८९८ पासून, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेतून जुनी पत्रे छापायला घेतली होती. या मालेचे बावीस खंड निघाले. त्या खंडांत आलेल्या एखाद्या मूळ पत्राला वाळवी लागली तरी त्यावरचा मजकूर महाराष्ट्रातल्या अनेक ग्रंथालयांत शिल्लक आहे. मूळ वस्तूची निगा राखायची आणि तिच्या प्रतीही करून ठेवायच्या, ही दोन्ही कामे मिळून जपणूक होते.

आज खानदेशातल्या घराघरांत नवी दप्तरे साठत आहेत. जळगावच्या फोटोग्राफरकडे गेल्या दहा हंगामांतल्या लग्नांचे व्हिडिओ असतात, धुळ्याच्या कर सल्लागाराकडे अशिलांच्या हिशेबांच्या फायली असतात, कुणाकडे आजीच्या आवाजातली आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी असतात. हे सगळे मोबाइलमध्ये मावत नाही, म्हणून अनेक जण घरीच सर्व्हर लावतात. कुणी ऑफिसातून निघालेला जुना डेस्कटॉप वापरतो आणि त्यात दोन-चार हार्ड डिस्क बसवतो, कुणी डिस्क बसवण्याचा तयार डबा विकत घेतो, कुणी रास्पबेरी पायला यूएसबी डिस्क जोडतो. दुकानातल्या सीसीटीव्हीचा डीव्हीआरही मुळात असाच यंत्रसंच आहे.

मोठ्या कंपन्यांच्या डेटा सेंटरमध्ये थंड हवा, गाळलेली हवा आणि अखंड वीज असते. आपला सर्व्हर मात्र टीव्हीच्या कपाटात किंवा जिन्याखाली, लोकांबरोबर ४५ अंशांचे ऊन सोसत असतो. त्यामुळे परदेशी पुस्तकांतला दुरुस्तीचा क्रम इथे जसाच्या तसा लागू पडत नाही. खानदेशात सर्व्हर बिघडला की पहिला संशय वीज आणि उष्णता यांच्यावर घ्यावा, दुसरा जोडणी आणि धुळीवर, आणि त्यानंतर डिस्क, रॅम, मदरबोर्डवर. या प्रकरणात तोच क्रम ठेवला आहे.

आधी माहिती, मग मशीन

सर्व्हर उघडत नाही असे दिसताच बहुतेकांचा हात बटणाकडे जातो. बंद, चालू, पुन्हा बंद, पुन्हा चालू. डिस्क आजारी असेल तर यातच ती हातची जाते. साधारण हार्ड डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते आणि वाचणारे डोके तिच्यावरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगते. ते डोके दुखावलेले असेल तर प्रत्येक नव्या सुरुवातीला तबकडीवर नवा ओरखडा उठू शकतो.

म्हणून पहिला नियम असा: डिस्कमधून ठराविक लयीत ‘टक, टक’ असा आवाज येत असेल आणि वीज व केबल नीट असूनही तो थांबत नसेल, तर मशीन बंद करा आणि बंदच ठेवा. आतली माहिती मोलाची असेल तर ती डिस्क धूळमुक्त खोलीत उघडणाऱ्या डेटा रिकव्हरीच्या जाणकाराकडेच जायला हवी. घरी झाकण उघडणे किंवा डिस्क फ्रीजमध्ये ठेवणे म्हणजे उरलेली आशाही घालवणे.

दुसरा नियम: डिस्क वाचता येत असेल, फक्त अडखळत असेल, तर दुरुस्तीचे प्रोग्राम चालवू नका. विंडोजमधली ‘चेक डिस्क’ किंवा लिनक्समधली ‘एफएससीके’ डिस्कवर लिहीत जातात, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणे धोक्याचे असते. आधी माहिती दुसऱ्या, धडधाकट डिस्कवर उतरवा. त्यातही जे पुन्हा कधीच मिळणार नाही ते आधी घ्या. सिनेमे परत मिळतील, आजीचा आवाज मिळणार नाही.

जिथे साधी कॉपी मध्येच अडकते तिथे ‘डीडीरेस्क्यू’ हा मोफत प्रोग्राम उपयोगी पडतो. कापसाची वेचणी जशी एकदाच होत नाही, फुटलेली बोंडे पहिल्या वेचणीत आणि उरलेली पुढच्या खेपेला, तसे याचे काम चालते. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडणारी जागा सोडून पुढे जातो आणि कुठे काय राहिले याची नोंद एका फाइलमध्ये ठेवतो. अडलेल्या जागांकडे तो शेवटी वळतो. मध्ये लाइट गेली तरी त्या नोंदीवरून काम पुढे सुरू करता येते.

बिघाडाची वेळ लिहून ठेवा

माहिती सुरक्षित झाली की कारणाचा शोध सुरू होतो. इथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित साधन म्हणजे सर्व्हरजवळ टांगलेली वही. बिघाड झाला की तारीख, वेळ, त्या वेळी मशीन काय करत होते, घरात आणखी काय चालू होते आणि लाइट नुकतीच आली होती का, हे लिहायचे. पाच-सहा नोंदी झाल्या की त्यातून आकृती दिसू लागते.

– रोज दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान बंद पडतो, पहाटे मात्र निवांत चालतो: उष्णता.
– लाइट गेल्यावर किंवा आल्यावर लगेच बिघडतो: एसएमपीएस (मशीनच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), यूपीएस किंवा इन्व्हर्टर.
– बोअरची मोटर, मिक्सर किंवा फ्रीज सुरू होताच रीस्टार्ट होतो: विजेचा दाब खाली जातो आहे किंवा एसएमपीएस थकला आहे.
– ठराविकच फाइल वाचताना अडतो, वेळ कोणतीही असो: डिस्कचा पृष्ठभाग.
– डिस्क अधूनमधून गायब होते आणि केबल हलवली की परत येते: जोडणी.
– कधीही, काहीही करताना कोलमडतो आणि प्रत्येक वेळी वेगळीच चूक दाखवतो: रॅम किंवा मदरबोर्ड.

स्लॅबच्या घरात एक गोष्ट ध्यानात ठेवावी. दिवसभर तापलेला स्लॅब संध्याकाळी उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वरच्या मजल्यावरचा सर्व्हर त्यामुळे तीनऐवजी सात-आठ वाजता दमतो. तेव्हा बाहेर हवा निवलेली असते, म्हणून उष्णतेचा संशयही येत नाही.

याला जोडून तिसरा नियम येतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. केबल, रॅम आणि एसएमपीएस एकाच दिवशी बदलले आणि सर्व्हर चालू लागला, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो. शिवाय तपासणी दोषाच्याच वेळी करावी. दुपारी बिघडणारे मशीन दुकानदाराने वातानुकूलित दुकानात संध्याकाळी तपासले, तर तो ‘यात काहीच नाही’ म्हणेल, आणि त्याच्या जागी तो बरोबरच असेल.

वीज: पहिला संशयित

भुसावळजवळ दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे. वीज इतक्या जवळ तयार होते म्हणून घरातल्या सॉकेटला ती स्थिर मिळेल असे मात्र नाही. आपल्याकडचा ठरलेला दाब २३० व्होल्ट. जिथे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर वेगळा नाही तिथे शेतीपंप सुरू झाले की दाब घसरतो. याहून घातक प्रकार म्हणजे डीपीवरचा न्यूट्रल तुटणे. तीन फेजच्या वाटपात न्यूट्रल सुटला की काही घरांत दाब एकदम तीनशेच्या वर चढतो आणि टीव्ही, फ्रीज, सर्व्हर सगळेच एका झटक्यात जातात. दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारे संरक्षक उपकरण मीटरजवळ बसवणे हा त्यावरचा उपाय आहे. साध्या स्पाइक बस्टरच्या पट्टीने ते काम होत नाही.

मशीनच्या आत पहिली तपासणी एसएमपीएसची. साडेतीन इंची डिस्क नेहमीच्या कामात पाच ते आठ वॅट घेते, पण तबकडी फिरायला सुरुवात होताना १२ व्होल्टच्या तारेवरून साधारण दोन अँपियर, म्हणजे चोवीस वॅट ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की फक्त डिस्कसाठीच आठ अँपियर लागतात. जुन्या एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने सुकलेले असतात. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. सुकलेला कपॅसिटर चालू कामाला पुरतो, सुरुवातीच्या ओढीला पुरत नाही. मग डिस्क फिरू लागते, दाब कोसळतो, डिस्क थांबते, पुन्हा फिरू लागते. हा आवाज ऐकून डिस्कच मेली असे वाटते आणि निर्दोष डिस्क बदलली जाते.

ओळखायचे कसे? सगळ्या डिस्क काढून मशीन सुरू करा. नीट चालले तर एकेक डिस्क जोडत जा. तिसरी किंवा चौथी जोडल्यावरच त्रास होत असेल, मग ती कोणतीही असो, तर दोष एसएमपीएसचा. मल्टिमीटर असेल तर भार असताना मोजा: १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये असायला हवी. हे माप डिस्कला जाणाऱ्या तारेवरच घ्यावे. एसएमपीएसचा डबा उघडू नये, कारण वीज काढल्यावरही आत प्राणघातक भार शिल्लक असतो. रास्पबेरी पायवर दाब ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पडद्यावर विजेचे चिन्ह येते. ते दिसले की आधी ॲडाप्टर आणि त्याची केबल बदला, आणि डिस्कला स्वतंत्र वीज द्या.

घरचा इन्व्हर्टर हा आपल्याकडचा खास विषय आहे. लाइट गेल्यावर पंखा एक क्षण मंदावला तरी कुणाचे बिघडत नाही, सर्व्हर मात्र तेवढ्यात पडतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चे बटण असते. ते चालू केले की बदल काही मिलिसेकंदांत होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर सर्व्हरसाठी वेगळा यूपीएस घ्यावा. यूपीएस आणि सर्व्हर यांच्यामध्ये यूएसबी केबल जोडून, बॅटरी संपायच्या आत सर्व्हर स्वतः शिस्तीत बंद होईल अशी व्यवस्था करावी. लिहिता लिहिता वीज गेली की अर्धवट लिहिलेली फाइल आणि गोंधळलेली फाइल सिस्टिम मागे राहते. यूपीएसच्या शिशाच्या बॅटरीलाही दहा अंशांना निम्मे आयुष्य हाच ठोकताळा लागतो, म्हणून डब्यावर लिहिलेल्या वर्षांवर विसंबू नये. वर्षातून दोनदा मुद्दाम मेन स्विच बंद करून ती किती मिनिटे टिकते ते पाहावे.

अर्थिंगही याच यादीत येते. खानदेशची काळी माती उन्हाळ्यात कोरडी पडते, भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते, आणि रोध वाढतो. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते या बिघाडाचे लक्षण असू शकते. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे आणि उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालत राहावे.

ऊन: हिशेब मांडून पाहू

हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात चालू असतानाच्या तापमानाची कमाल मर्यादा साधारण ६० अंश दिलेली असते. बंद कॅबिनेटमधली डिस्क आजूबाजूच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी गरम असते. पुण्यातल्या ३० अंशांच्या खोलीत ती ४० ते ४५ वर राहील. जळगाव-भुसावळला मेमध्ये सावलीतला पारा ४५ च्या आसपास असतो आणि पत्र्याच्या खोलीत हवाच तितकी तापते. तिथे ती ५५ ते ६० वर पोहोचते. पंखा कितीही जोरात फिरवला तरी तो ४५ अंशांची हवाच आत ढकलतो. त्यामुळे आणखी एक पंखा लावणे हा मे महिन्यातला उपाय होऊ शकत नाही. हवाच बदलावी लागते.

२००७ साली गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. मध्यम तापमानाच्या पट्ट्यात उष्णता आणि बिघाड यांचा संबंध त्यांना अपेक्षेपेक्षा बराच क्षीण आढळला. ‘डिस्कला गरमीने काही होत नाही’ असे म्हणणारे लोक याचाच आधार घेतात. पण त्या डिस्क डेटा सेंटरमधल्या होत्या, आणि त्याच अभ्यासात अगदी वरच्या तापमानाला, विशेषतः जुन्या डिस्कमध्ये, बिघाड वाढलेले दिसले. आपला मे महिना त्या वरच्या टोकाला आहे.

उपाय साधे आहेत. सर्व्हर तळमजल्यावर, उत्तरेच्या भिंतीकडे, जमिनीच्या जवळ ठेवावा. कपाटाचे दार काढून टाकावे आणि भिंतीपासून वीतभर अंतर सोडावे. बॅकअपसारखी जड कामे पहाटे चारला लावावीत. डिस्क ५५ अंशांवर गेली की संदेश यावा आणि ५८ वर मशीन शिस्तीत बंद व्हावे, असे ठरवून द्यावे. कोरड्या उन्हाळ्यात कूलरची खोली चांगली, पण कूलरच्या सरळ झोतात सर्व्हर नको. आपल्याकडचे पाणी जड असते, जाळीवर जे पांढरे क्षार साचतात तेच तुषारांबरोबर बोर्डवर बसतात. पाऊस लागल्यावर कूलर चालवला तर खोलीत नुसती ओल वाढते.

धूळ आणि रुई

जिनिंगच्या परिसरात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको: दिवाळीनंतर हवेत कापसाचे तंतू उडत असतात. साधी धूळ पंख्यातून बरीचशी निघून जाते, रुई मात्र प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या पात्यांत अडकून नमदा तयार करते. पंखा फिरताना दिसतो, हवा जात नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे ‘सर्व्हर हळू झाला’ ही तक्रार अनेकदा मुळात रुईची असते.

मशीन बंद करून, प्लग काढून, अंगणात ब्लोअरने साफ करावे. पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर तो उलटा वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. डिस्कच्या झाकणावर बारीक छिद्र असते, आतल्या-बाहेरच्या हवेचा दाब सारखा ठेवण्यासाठी. त्यावर ब्लोअर मारू नये, चिकटपट्टी लावू नये. (हेलियम भरलेल्या मोठ्या डिस्कला हे छिद्र नसते.) जुने मशीन असेल तर प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट नवी लावावी. हिवाळ्यात हवा कोरडी असते, तेव्हा रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरचा स्थिर भार उतरवावा.

डिस्क काय सांगते ते ऐका

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. या व्यवस्थेला ‘स्मार्ट’ म्हणतात. लिनक्सवर ‘स्मार्टसीटीएल’ आणि विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ ती वाचून दाखवतात. यादी लांब असते, पण चार आकडे पाहिले तरी पुष्कळ कळते.

क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. क्रमांक १९७ म्हणजे वाचता न आलेले, निर्णयाच्या प्रतीक्षेत असलेले सेक्टर. क्रमांक १९८ म्हणजे तपासणीतही दुरुस्त न झालेले. हे तिन्ही शून्य असावेत. ५ चा आकडा लहान असून महिनोन्महिने तसाच असेल तर लक्ष ठेवून चालवता येते. वाढत असेल तर डिस्क बदलायचीच. गूगलच्या त्याच अभ्यासात, पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक दिसल्यानंतर साठ दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता निर्दोष डिस्कपेक्षा ३९ पट आढळली.

क्रमांक १९९ वेगळा. तो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवरच्या चुका मोजतो. हा वाढला तर सहसा दोषी असते साधी साटा केबल. हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आजचा आकडा वहीत लिहा, केबल बदला आणि आठवड्याने पुन्हा पाहा. थांबला तर काम झाले. काही रुपयांच्या केबलसाठी हजारोंची डिस्क बदलली जाण्याचे प्रकार टळतात ते या एका आकड्याने.

स्मार्टवर पूर्ण भिस्त मात्र ठेवू नये. त्याच अभ्यासात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कच्या बाबतीत मुख्य चार खुणांपैकी एकही आधी दिसली नव्हती. ‘स्मार्ट ठीक आहे’ याचा अर्थ डिस्क ठीक आहे असा होत नाही.

एसएसडीचा स्वभाव निराळा. ती आवाज करत नाही, बऱ्याचदा पूर्वसूचना न देता एकदम दिसेनाशी होते. ती माहिती विद्युतभाराच्या रूपात धरून ठेवते आणि उष्णतेत तो भार लवकर गळतो. घरगुती एसएसडीसाठीचे उद्योगाचे मानक एवढेच मागते की, लिहिण्याचे ठरलेले आयुष्य संपल्यावर वीज न देता ३० अंशांवर तिने एक वर्ष माहिती धरावी. वापरून झिजलेली एसएसडी पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवून उन्हाळे काढू नयेत.

डिस्क बदलण्याआधी आणखी एक काळजी घ्यावी. संगणक डिस्कला देतो ती नावे रीस्टार्टनंतर बदलू शकतात. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कागदी पट्टीवर लिहून दिसेल अशा बाजूला चिकटवावा. आजारी डिस्कऐवजी चांगली डिस्क ओढून काढणे, हा चारपैकी एक डिस्क बदलताना होणारा सर्वांत महाग घोटाळा आहे.

रॅमचा गुपचूप दोष

एकच मोठी फाइल दोनदा कॉपी करून दोन्ही प्रतींचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) काढला आणि तो वेगळा आला, तर आधी रॅम तपासा. रॅममधला एक बिट उलटला तरी फोटोत पट्टा येतो, झिप फाइल उघडत नाही, आणि डिस्क बिचारी जे दिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवते. ‘मेमटेस्ट८६ प्लस’ पेनड्राइव्हवरून सुरू करून काही फेऱ्या चालू द्याव्यात. एकही चूक दिसली तर रॅमची एकेक पट्टी वेगळी करून तपासावी, आणि ही तपासणी भर दुपारीही करावी, कारण काही पट्ट्या गरम झाल्यावरच चुकतात. पट्टी बदलूनही चूक तिथेच राहिली तर स्लॉट किंवा मदरबोर्ड. मशीन दर वेळी तारीख विसरत असेल तर मात्र घाबरू नये, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे

१९८८ साली बर्कली विद्यापीठातल्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी अनेक स्वस्त डिस्क एकत्र बांधून एक भरवशाचा संच करण्याची कल्पना मांडली. तीच आजची ‘रेड’. एक डिस्क मेली तरी काम चालू राहते, हा तिचा गुण. पण चुकून पुसलेली फाइल ती सगळ्या डिस्कवरून एकदमच पुसते. रॅन्समवेअर आला तर सगळ्या डिस्क एकदम कुलूपबंद होतात. वीज कोसळली तर एकाच डब्यातल्या चारही डिस्क एकदम जातात. शिवाय एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क सारख्याच वयाच्या असतात आणि त्यांनी सारखेच उन्हाळे सोसलेले असतात. एक गेली की नव्या डिस्कवर संच उभारताना बाकीच्यांवर तासन्‌तास ताण येतो आणि दुसरी जाते. अनेक घरगुती डिस्कचे माहितीपत्रक दहाचा चौदावा घात म्हणजे शंभर लाख कोटी बिट वाचताना एक न वाचता येणारा बिट गृहीत धरते. हे प्रमाण सुमारे साडेबारा टीबीला एक असे पडते. मोठ्या डिस्कच्या पुनर्बांधणीत इतके वाचन सहज होते.

म्हणून रेडमधली डिस्क गेल्यावर पहिले काम नवी डिस्क लावण्याचे नाही. पहिले काम म्हणजे बॅकअप ताजा आहे का ते पाहणे आणि नसेल तर तो घेणे. पुनर्बांधणी पहाटे सुरू करावी. झेडएफएस किंवा बीटीआरएफएस वापरत असाल तर प्रत्येक तुकड्याचा चेकसम ठेवला जातो. महिन्यातून एकदा ‘स्क्रब’ चालवला की गुपचूप सडलेला तुकडा कळतो आणि धडधाकट प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तही होतो.

दुसरी प्रत दुसऱ्या गावी

जळगावजवळच्या असोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत गेल्या आणि मुलगा सोपानदेव व घरातल्या माणसांनी त्यातली काही उतरवून ठेवली. ३ डिसेंबर १९५१ रोजी त्या गेल्या आणि १९५२ साली ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जी गाणी वहीत उतरली ती मराठीला मिळाली, जी उतरली नाहीत ती त्यांच्याबरोबर गेली. प्रत करून ठेवण्याचे मोल यापेक्षा स्पष्ट कसे सांगणार?

घरच्या सर्व्हरसाठी नियम तीन-दोन-एकचा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. जळगावच्या घराची एक प्रत धुळ्याच्या मामांकडे असली तर मधल्या नव्वद-एक किलोमीटरमुळे एकाच विजेने किंवा एकाच आगीने दोन्ही जात नाहीत. आखाजीला आणि दिवाळीला जाणे-येणे होतेच, तेव्हा डिस्क बदलून घ्यावी. डिस्कवर पासवर्डचे कुलूप लावावे आणि तो पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावा. दोन प्रवासांमध्ये साठलेल्या नव्या फायलींसाठी थोडी ऑनलाइन जागा घेतली तरी पुरते.

मग वर्षाची कामे आपोआप ऋतूंवर बसतात. होळीच्या आसपास रुई आणि धूळ काढायची, थर्मल पेस्ट पाहायची. आखाजीला तापमानाच्या सूचना चालू आहेत का ते तपासायचे आणि दूरची प्रत बदलायची. मृगाआधी अर्थिंग आणि यूपीएस बघायचे, आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की सर्व्हर शिस्तीत बंद करून विजेचा प्लग आणि इंटरनेटची तांब्याची तार दोन्ही काढायच्या. दिवाळीला दूरची प्रत पुन्हा बदलायची आणि स्मार्टचे आकडे वहीत उतरवायचे.

सर्वांत महत्त्वाचे काम मात्र बॅकअप परत उघडून पाहण्याचे. बॅकअप झाला असे प्रोग्राम सांगतो, पण तो परत वाचता येतो की नाही हे वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणून सहा महिन्यांतून एकदा दुसऱ्याच संगणकावर दूरची डिस्क जोडा. पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, गेल्या महिन्यातला एक हिशेब आणि एक ध्वनिमुद्रण तिच्यावरून उघडा. तिन्ही नीट उघडले तर आजची तारीख वहीत लिहा. एक जरी उघडले नाही तरी बाकी सगळी कामे बाजूला ठेवून, मूळ सर्व्हर चालू आहे तोवर, त्याच दिवशी नवी प्रत करा.